बारीक धाग्याची शिवण

आमच्या वरोर गावावरून हेलिकॉप्टर गेलं की पोरं किनाऱ्याकडे धावतात, मासळी निवडणाऱ्या बायका कपाळावर हात धरून वर बघतात. मी बघत नाही. मास्तरीणबाईंना शिंगं फुटली, असं लोक बोलतात. बोलू दे. त्या यंत्राने माझं काही वाकडं केलेलं नाही, हे मलाही कळतं. पण ज्यांनी केलं ते असे रोज डोक्यावरून जात नाहीत, म्हणून राग त्याच्यावर निघतो.

मी रानशेतच्या शाळेत शिकवते. नोकरी खडू-फळ्याची असली तरी तोंड आईचं घेतलंय, आणि माझ्या आईने उभा जन्म डहाणूच्या बाजारात मासे विकले. तेव्हा पुढचं जरा कडक लागेल.

माझे बाबा जाळी विणायचे. बोट आमचीही होती, भाऊ चालवायचा, त्याच्याबरोबर बाबाही जायचे. पण गावात आणि आसपासच्या बंदरांत त्यांचं नाव होतं ते जाळ्यांमुळे. फाटलेलं जाळं लोक आमच्या ओट्यावर आणून टाकायचे आणि कधी देणार एवढंच विचारायचे. काम कसं करणार हे कोणी विचारत नसे. त्यांच्या हातावर तेवढा भरवसा होता.

मोठं जाळं एका तुकड्याचं नसतं. वेगवेगळे तुकडे विणून मग ते एकमेकांना शिवतात. ही जोडाची शिवण बाबा मुद्दाम बारीक धाग्याने घालायचे. जाळं पाण्याखालच्या खडकात अडकलं आणि सगळीकडे सारखाच जाड धागा असला, तर ते सुटत नाही. खाली खडक धरून ठेवतो, वर ओढ असते, बोट एका अंगावर कलते. शिवण बारीक असली की ती तेवढी उसवते. एक तुकडा जातो, बाकीचं जाळं, बोट आणि माणसं घरी येतात. बाबांच्या वडिलांनी असंच केलं, त्यांच्याही वडिलांनी. जाळ्यातली सगळ्यात कच्ची जागा बाबा सगळ्यात जपून शिवायचे.

दोन हजार अठराचा पावसाळा होता. बोटी वर ओढून ठेवलेल्या, समुद्र बंद. अशात तलासरीकडच्या हायवेवरचा एक ठेकेदार मुकादमाला घेऊन आमच्या दारात आला. ताडपत्री आणि दोराचा धंदा होता त्याचा. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषा तोंडात खडीसाखरेसारख्या घोळवायचा. त्याला जाड नायलॉनच्या दोराची चौकोनी जाळी विणून हवी होती, सामान बांधायची.

"कशाला पाहिजेत, शेट?" बाबांनी विचारलं.

"ट्रकवर टाकायला. काका, तुम्हाला मी काय शिकवणार? तुमच्या पद्धतीने करा. फक्त मजबूत करा."

तुमच्या पद्धतीने करा. मी तिथेच चहाचे कप गोळा करत होते, माझ्या या कानांनी ऐकलंय.

बाबांनी पावसाळाभर ओट्यावर बसून ती जाळी केली. शेटने दिलेला दोर इतका राठ की बोटांना चिरा पडल्या, आई रात्री खोबरेल लावून द्यायची. जोड आले तिथे त्यांनी सवयीने बारीक धागा घेतला. ट्रकवरचं जाळं झाडाच्या फांदीत अडकलं तर शिवण उसवू दे, सामान आणि माणूस खाली यायला नको, असं त्यांचं म्हणणं. माल द्यायला ते स्वतः तलासरीच्या शेडमध्ये गेले. उरलेला दोर गुंडाळून बरोबर नेला, हातभर तुकडासुद्धा घरी ठेवला नाही. मुकादमाला जाळं उलगडून दाखवलं. ही शिवण बघा, इथे धागा बारीक आहे, मुद्दाम घातलाय, नको असेल तर बदलून देतो. मुकादम मोबाईलवर बोलत होता. हात हलवून बोलला, चालेल, चालेल.

थंडी सुरू झाल्यावर एक दिवस ठेकेदाराची जीप सरळ बंदरावर आली. सकाळची वेळ, बोटी नुकत्याच लागलेल्या, अर्धं गाव तिथे. त्याने गाडीतून उतरून बाबांच्या पायाजवळ जाळ्याचा एक तुकडा टाकला. शिवण उसवलेली होती.

"दोर विकून खाल्लात काका, आणि मला पतंगाचा मांजा लावून दिलात?"

तेव्हा आम्हाला कळलं की ती जाळी ट्रकची नव्हतीच. लष्करासाठी एक नवीन हेलिकॉप्टर तयार होत होतं. जवानांना नेणारं, जखमींना आणणारं, रस्ता नाही अशा डोंगरावर रेशन पोचवणारं. त्याच्या पोटाखाली एक आकडा, आकड्याला जाळं, जाळ्यात सामान. चाचणीसाठी तशी जाळी हवी होती. ज्यांना काम मिळालं त्यांनी दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि असं होत होत ते ह्या महाशयांकडे आणि तिथून आमच्या ओट्यावर आलं. हे त्याने बाबांना सांगितलंच नव्हतं. वाळूची पोती भरून जाळं वर उचललं आणि जोड उसवला. पोती खाली.

बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "खाली माणूस होता काय?"

"नव्हता. नशीब तुमचं."

बाबा होडीच्या कडेवर बसले आणि बोलले, "माझी चूक झाली, शेट. लोंबकळत्या वजनाला ती शिवण चालत नाही. मला माहीत असतं तर घातली नसती."

"चूक? ही चोरी आहे, चोरी. ती पण लष्कराच्या मालात."

एवढं बोलून तो गाडीत बसला. मी शाळेत होते. भावाने नंतर सांगितलं, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. राग ठेकेदाराचा नंतर, आधी गावाचा. ज्यांच्या जाळ्यांना बाबांनी आयुष्यभर टाके घातले ती माणसं तिथे टोपल्या हातात धरून उभी होती. बारीक शिवण काय असते हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. उद्या पोलीस आले तर, लष्कराचं प्रकरण आहे, कशाला मध्ये पडा.

मग हळूहळू सुरू झालं. एक बोटवाला आला आणि दुरुस्तीला दिलेलं जाळं उचलून घेऊन गेला. तुम्हाला उगाच त्रास काका, ह्या वेळी पोरगाच करेल. किती गोड. शिवी दिली असती तर परवडलं असतं. मग दुसरा आला. आमचा ओटा रिकामा झाला, आणि बाबा त्या रिकाम्या ओट्यावर सुई घेऊन बसायचे, नुसतेच.

मी त्यांनाही सोडलं नाही. "तुम्ही गप्प का राहिलात? मुकादमाला दाखवलं होतं ते का नाही सांगितलं?"

"पोती पडली ना, बाय. ती तर खरीच पडली."

"पडली ती चुकीने. चूक आणि चोरी एक आहे काय?"

ठेकेदाराकडून मला एवढंच हवं होतं. पैसे नकोत, काम नको. जिथे चोरी बोललास तिथे येऊन चूक बोल. मी सुट्टी टाकली आणि जीप पकडून तलासरीला गेले.

त्या थंडीत आमच्याकडे सगळीकडे भूकंपाच्या धक्क्यांनी जमीन हलत होती. लोक घराबाहेर झोपत होते. शेडमध्ये झरी गावच्या बायका ताडपत्र्यांना शिवण मारत बसलेल्या, आणि जरा काही वाजलं की मान वर करून पत्र्याकडे बघायच्या. ठेकेदार खुर्चीत. मुकादम बाजूला, मोबाईल हातात. मी मुकादमाला विचारलं, बाबांनी तुला शिवण दाखवली होती की नाही?

"मला काय आठवत नाय, मॅडम."

खाली बसलेल्या बायकांमधून एक आवाज आला. "दाखवली होती. काका बोलले, बदलून देतो. मी इथंच होते."

एक सडपातळ बाई, हातातली सुई तशीच धरून बोलली. मला ती ओळखतही नव्हती.

"तू कामाला आलीस की वकिली करायला?" ठेकेदार ओरडला. मग माझ्याकडे वळून एकदम मऊ आवाजात बोलला, समजूत घातल्यासारखा. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या. मी वर चोरी सांगितलीय. चोरी बोललं की माणूस बदलला, विषय संपला. चूक बोललो तर मलाच विचारणार, माल तू तपासला नाही काय? दुसऱ्याला का दिला? माझं काम जाईल. काकांचं काय जातंय? लोक चार दिवसांत विसरतात."

काकांचं काय जातंय. म्हणजे त्याला पक्कं माहीत होतं. बाबांनी काही विकलं नाही, काही खाल्लं नाही, हे त्या शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. चोरी त्याच्या सोयीची होती, एवढंच. मी आईच्या तोंडाने जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुकादमाने मला बाहेरचा रस्ता दाखवला. आणि त्या झरीच्या बाईला दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मला ती पुढे डहाणूच्या बाजारात भेटली तेव्हा कळलं. चिकूच्या वाडीत काम मिळालं, बोलली, आणि उलट मलाच विचारलं, काका बरे आहेत ना? गावाला जे जमलं नाही ते तिने केलं आणि रोजगार गमावून बसली. हे आठवलं की आजही घास गिळवत नाही.

पुढच्या पावसाळ्यात बाबांनी आमच्या स्वतःच्या बोटीसाठी नवीन जाळं विणलं. भाऊ जोड बघायला वाकला आणि तसाच राहिला. शिवण जाड धाग्याची होती. प्रत्येक जोड.

"बाबा, हे काय?"

"असू दे."

"अडकलं तर?"

"असू दे बोललो ना."

भावाने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आम्हाला वाटलं, आत्ता बोलायला नको, दुखरी जागा आहे, पुढे बघू. समुद्र उघडला, पूजा झाली, नारळ वाहिला आणि बोट गेली.

अडकलं ते नेहमीच्या खडकाला. जागा भावाला आणि बाबांना पाठ होती, पण त्या दिवशी पाण्याची ओढ जास्त होती. जाळं खाली धरलं गेलं. जुन्या जाळ्याने तुकडा सोडला असता आणि हे दोघं शिव्या घालत घरी आले असते. नवीन जाळ्याने काहीच सोडलं नाही. बोट कलली, पाणी आत आलं. भावाने कोयता मारून मुख्य दोर तोडला. पावसाळाभराची मेहनत, सगळं जाळं, एक तुकडाही मागे न राहता खाली गेलं. दोघं जिवंत आले ते कोयत्याला धार होती म्हणून.

बाबा ओले कपडे न बदलता ओट्यावर बसले. आई टॉवेल घेऊन उभी. कोणी काही विचारायच्या आधी तेच बोलले, अगदी शांतपणे.

"बरं झालं. आता धागा बारीक होता असं कोणी बोलणार नाही."

आई आत गेली. मी तिथेच उभी राहिले आणि मला रडू फुटलं, रागाने. बंदरावर त्या माणसाने टाकलेला शब्द माझ्या बापाच्या हातात जाऊन बसला होता. त्या हाताने स्वतःचं, माझ्या भावाचं, दोघांचं मरण शिवलं होतं, का तर कोणी चोर बोलू नये.

त्यानंतर काही दिवसांनी मुकादम आला. ह्या वेळी जाळ्याचा नकाशा घेऊन, सगळं नीट छापलेलं. हेलिकॉप्टरचं काम पुढे चाललंय, चाचण्या सुरू आहेत, पुन्हा जाळी हवीत, आणि अशा गाठी दुसऱ्या कोणाला जमत नाहीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी हात वर केला.

"शेट बंदरावर येऊन चूक बोलेल काय?"

"काका, ते जुनं झालं. आता कशाला उकरायचं?"

"मग मला जमणार नाही," बाबा बोलले आणि पुन्हा नकाशाकडे बघितलंही नाही. मुकादम दुसरीकडे गेला असेल. ते हेलिकॉप्टर उडो, चांगलं उडो. त्यात बसणाऱ्या जवानांशी माझं भांडण नाही.

मग एका संध्याकाळी बाबांनी सुई मागितली. भावाने उधारीवर सूत आणलं होतं, नवीन जाळ्याचे दोन तुकडे विणून तयार होते. ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात न बसता ते पुढे, रस्त्याच्या कडेला बसले. बंदरावरून येणारी जाणारी माणसं समोरूनच जात होती. जोड मांडीवर घेतला आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"बारीक धागा दे."

मी दिला. त्यांनी पहिला टाका घातला, ओढून बघितला, दुसरा घातला. रस्त्यावरून तोच बोटवाला चालला होता, जाळं उचलून नेणारा. त्याची नजर त्या धाग्यावर गेली आणि तो खाली बघत पुढे निघाला.

"बाय, कोणी विचारलं तर सांग."

"काय सांगू?"

"मीच घातलाय. समजून घातलाय."

आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही. म्हणून न विचारताच सांगते आहे.