आम्ही त्याला मोकळं केलं

माझी भावजय काविळीनं गेली तेव्हा तिची मुलगी जेमतेम चालायला लागली होती. धाकटा भाऊ गुंजवण्याच्या बाजूला भातशेती करतो. मी लग्न होऊन भोरात आले. तेराव्याला जमलेल्या बायकांच्या तोंडी एकच विषय होता, पोरीचं कसं व्हायचं. भावाचं कसं व्हायचं, हे एकीच्याही तोंडून निघालं नाही. पुरुषमाणूस, त्याला काय धाड भरलीय, असा सगळा सूर. माझं डोकं तिथंच फिरलं होतं, पण तेराव्याच्या घरात भांडणार कुणाशी?

सुरुवातीला तर त्यानं सगळ्यांना गप्प केलं. गुरगुट्या भात करायला शिकला. झोपताना पोरगी त्याच्या कानाची पाळी मुठीत धरायची, म्हणून हा बिचारा एकाच कुशीवर आखडून पडायचा. मी चिडवायचे, "कान लांब व्हायला लागला बरं का तुझा." हसायचा. पण अंगातला सदरा दिवसेंदिवस ढगळ होत चालला होता. फोनवर बोलता बोलता मध्येच थांबायचा. एकदा म्हणाला, "आक्का, समदी पोरीचं इचारत्यात गं. मला कुनी इचारतच न्हाई." मी जेवलास का, एवढंच विचारलं.

अंगणवाडीत मातांची बैठक असते. पोराचं वजन करतात, खाऊची पाकिटं देतात आणि बायका आपापली गाऱ्हाणी सांगतात. हा पोरीला कडेवर घेऊन तिथं गेला. नेमका अंगावरच्या दुधाचा विषय चालला होता. सेविका गप्प झाली, बायकांनी पदर सावरले, कुणीतरी खुदकन हसलं. हा दाराजवळ मान खाली घालून बसून राहिला. शेवटी शेजारची एकजण म्हणाली, "भावजी, तुमी कशाला हेलपाटा घालता? खाऊ आमी आनून देऊ की." पुढच्या वेळेपासून पाकिटं घरपोच आली. बाईच्या मनात काही वाईट नव्हतं. पण लेकराला ताप आला तर काय करायचं, हे चार जणींना विचारायची त्याची तेवढी एकच जागा होती. तीही गेली.

मग मी त्याला घेऊन तालुक्याच्या एका कचेरीत गेले. पोरीला दिवसा कुठं ठेवायची सोय आहे का, एवढंच विचारायचं होतं. अंगणवाडीत बसायला ती अजून लहान होती. साहेब सज्जन होते, चहा पाजला. म्हणाले, "आई नाही म्हटल्यावर आजोळी ठेवा की. आणि वय काय तुमचं? दुसरं लग्न करा." बाई एकटी पडली तर तिच्यासाठी काय काय आहे, हे त्यांना पाठ होतं. बापाबद्दल विचारल्यावर ते माझ्याकडेच बघायला लागले. परतीच्या एसटीत मला त्या चहाचाही राग येत होता.

भाताची लावणी जवळ आली तशी त्याची सासू टेम्पो करून कापूरहोळहून आली. "चार म्हयनं पोरीला आमच्याकडं ठिवतो, जावईबापू. तुमी मोकळं व्हा," म्हणाली. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. आईविना पोर आजोळी वाढतं, ही आमच्याकडची रीतच.

गावही मायाळू, त्याला कामाला हात लावू देईना. आमच्याकडं लावणीला सावड असते: आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या तू आमच्या खाचरात. त्याची खाचरं सगळ्यांनी लावून दिली आणि त्याला बांधावर बसवलं. "तू बस, दुक्कात हायस," म्हणाले. परतफेडीला कुणी बोलावलंच नाही. घरात पोर नाही, हाताला काम नाही, कुणाच्या बांधावर जायचं कारण नाही. त्याला बांधावर बसवलं त्या दिवशी मी तिथंच होते. सरळ ओरडले, "अरं, त्याचं काम कशाला काढून घेता? दुपारची पोर सांभाळायची सावड करा की! आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. पोर तरी घरी राहील त्याच्या." सगळे हसले. पोर सांभाळायची कुठं सावड असते होय, म्हणाले. मला आजही वाटतं, तेवढं जमलं असतं.

चार महिने संपले, दिवाळी झाली, पुढची लावणीही झाली. पोरीला आणायचा विषय निघाला की सासू म्हणायची, हितं रुळलीय, कशाला हलवता. वर, घरात बाई नाही, हेही ऐकवायची. आधी दर रविवारी जायचा. मग ती त्याच्याकडं येताना रडायला लागली, तसं जाणं कमी झालं.

गेल्या वर्षी त्याच्याबरोबर मीही गेले. त्यानं भोरच्या बाजारातून फ्रॉक घेतला होता. अंगणात त्याच्या मेव्हण्याची पोरं खेळत होती. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामा म्हणतात, म्हणून ती पोरं ओरडत आली, "मामा आलं! मामा आलं!" त्यांच्यामागून आमची पोरगीही तशीच ओरडत आली, "मामा!" आणि जवळ आल्यावर बुजून मेव्हण्याच्या पायांना बिलगली. त्या पोरांचं ऐकून ती मेव्हण्यालाच पप्पा म्हणायची.

सासू ओशाळली. "अगं, ह्ये पप्पा हायत तुजं. जा की," म्हणत तिला पुढं ढकलायला लागली. पोरीचा चेहरा रडवेला झाला. भावानं सासूला हातानं थांबवलं, खाली बसला, फ्रॉक पुढं धरला आणि म्हणाला, "ये, मामाकडं ये."

पोरगी लगेच आली.