मावशींच्या पंगतीतलं पिल्लू

“ताटात टाकायचं न्हाई.”

वरणाचा डाव आमच्या डोक्यावर धरून मावशी हे अशा आवाजात म्हणायच्या, की नवा माणूस आधी डोकं सांभाळायचा आणि मग जेवायला लागायचा. नेवाशाच्या त्यांच्या खानावळीत मी दोन वर्षं जेवलो. जेवलो म्हणण्यापेक्षा त्यांनी मला जेववलं. टाकलेली भाकरी त्या फेकत नसत. संध्याकाळी ती ज्याची त्याच्याच ताटात परत यायची. तुमच्यापैकी कुणी अशा खानावळीत दिवस काढले असतील, तर त्यांना ती दुपारची भाकरी अजून ओळखू येईल.

बहात्तरचा दुष्काळ होता. रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना मावशी सरकारला ज्या शिव्या द्यायच्या, त्या इथे लिहिता येण्यासारख्या नाहीत. पण त्या मिलोचं पोतंही उंदरांनी कुरतडलं, तेव्हा मावशी कुठून तरी मांजराचं मूठभर पिल्लू घेऊन आल्या.

मावशींच्या गळ्यात तुळशीची माळ. अंड्याचं नाव काढलं तरी त्या चूळ भरायच्या. आणि पंगतीला जे शिजलं तेच सगळ्यांनी खायचं, हा खानावळीचा कायदा. मांजराला त्यातून सूट नव्हती. पंगतीच्या टोकाला त्याची जर्मन धातूची ताटली मांडली जायची. तिच्यात कुस्करलेली मिलोची भाकरी आणि वर लाल मिरचीची फोडणी दिलेलं वरण. पिल्लू वास घ्यायचं, शिंकायचं आणि मागे सरायचं.

“ताटात टाकायचं न्हाई,” मावशी त्यालाही बजावायच्या. संध्याकाळी तीच भाकरी, तीच ताटली. एवढीशी ती जात, पण आमच्यापेक्षा बाणेदार निघाली. आम्ही गिळायचो, ते बघत बसायचं.

मग मावशींनी स्वतःचा चहा बंद करून त्याला म्हशीचं दूध पाजलं. त्याने पिल्लाला ढाळ लागले. आठवडाभरात त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. उंदीर धरायला आणलेलं जनावर, आता उंदरांनीच ओढून न्यावं अशी त्याची गत झाली.

मी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, म्हणून मावशी मला डाक्टर म्हणायच्या. एका दुपारी पिल्लू पदरात गुंडाळून त्या माझ्यासमोर बसल्या. डोळे लाल झाले होते.

“डाक्टर, ह्ये वाढंना. रात्री कन्हतं. काय घालू ते सांगा.”

“मावशी, मांजराची जात आहे. वाढत्या अंगाला मासळी लागते. बोंबील घाला.”

“बोंबील? माज्या घरात?” मावशी ताडकन उठल्या. “तुमच्या जिभंला काय हाड हाय का न्हाई?”

“मग भाकरीवर हे जगत नाही.”

मावशी पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवत आत गेल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बोंबलांच्या ओळीत मी मावशींना पाहिलं. एरवी त्या ओळीला वळसा घालून जाणारी ही बाई, नाकाला पदर लावून विक्रेतीला विचारत होती, “बाई, ह्यातलं लेकराला सोसंल असं कंचं?”

चुलीवर ते शिजवणं शक्यच नव्हतं. त्यांनी परसात तीन दगड मांडले, जुन्या डब्यात बोंबील उकडले आणि तोंड फिरवून, “इठ्ठला, डोळे झाक,” असं पुटपुटत एकेक काटा बोटांनी काढला. पिल्लाने ताटली चाटूनपुसून लख्ख केली. मग मावशींनी अंघोळ केली. प्यायचं पाणी लांबून आणावं लागे, त्या दिवसांत रोज ही जादा अंघोळ. मला गलबलून आलं. मग वास आला, आणि भूक लागली.

वास पंगतीतही पोचला. सहा महिने मिलो खाल्लेले आम्ही सगळे डोळे मिटून वरण ओरपू लागलो. एकटे तलाठी भाऊसाहेब ताट सरकवून उठले. तेही माळकरी, शिवाय रोज गंध लावणारे.

“मावशी, या घरात एक तर मी जेवीन, नाहीतर ते मांजर.”

मावशींनी डाव खाली ठेवला नाही.

“मांजरच जेवंल, भाऊसाहेब. त्याला दुसरी खानावळ न्हाई. तुमी बसा आधी. ताटात टाकायचं न्हाई. उद्यापासनं बगा दुसरीकडं.”

भाऊसाहेब पुरते जेवून गेले आणि चार दिवसांनी मुकाट परत आले. मावशी फक्त “बसा” म्हणाल्या. ते नाकाला पंचा लावून लांब बसले. पिल्लू नेमकं त्यांच्याच मांडीवर जाऊन झोपलं. मांजरांना माणसं चांगली कळतात, असं काही मी म्हणणार नाही. पण भाऊसाहेब उठले नाहीत, एवढं खरं.

पुढच्या वर्षाच्या थंडीत मावशी तापाने गेल्या. तोवर ते पिल्लू तीन पिल्लांची आई झालं होतं.

दहाव्याला आम्ही सारे प्रवरेच्या काठी जमलो. मावशींच्या पुतण्याने पिंड मांडला. समोर बाभळीवर कावळा बसलेला, पण हलेना.

“काकू, खानावळ चालू ठेवीन,” पुतण्या म्हणाला. “तुजा फोटो लावीन.” कावळ्याने चोच पुसली. आम्हीही एकेकाने काहीबाही कबूल केलं. उन्हं वर आली.

शेवटी भाऊसाहेब पुढे झाले. हात जोडले.

“मावशी, मांजराच्या पिल्लांचं मी बघतो.”

कावळ्याने मान वळवली.

“बोंबील घालीन.”

कावळा खालच्या फांदीवर आला.

“काटे काढून घालीन!”

कावळा झेपावला आणि पिंडाचा घास घेऊन गेला. त्यालाही भूक लागली असणार, म्हणा. पण आम्ही सगळे रडलो, आणि हसलोही.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम परसात डोकावलो. तीन दगडांपाशी भाऊसाहेब उकिडवे बसले होते. नाकाला पंचा, कपाळाला गंध, बोटांत बोंबील. एका पिल्लाने अर्धा घास टाकून तोंड फिरवलं, तेव्हा त्यांनी ताटली परत त्याच्यापुढे सरकवली.

“ताटात टाकायचं नाही,” ते म्हणाले.