टबाचं बूच

आमच्या शेजारच्या जपानी आजी नव्वदीला टेकल्यात आणि अजून दारातला बर्फ स्वतः झाडतात. माझा नवरा बावन्नाव्या वर्षी गेला. ही दोन वाक्यं मी एका दमात बोलू नयेत, असं माझी मुलगी म्हणते. बोलते मी. काय करू?

अमेरिकेत वेस्ट विंडसरला आलो तेव्हापासून त्याची सकाळ ठरलेली. दोन मिनिटांत शॉवर, केस ओलेच, स्टीलच्या मगात भरपूर साखरेचा उकळलेला चहा, आणि तो मग गाडीत ठेवून स्टेशनकडे पळायचं. बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या तरी फरक नाही. मी कटकट करायचे. "अगं, वीकेंडला बसतो ना निवांत," हे त्याचं उत्तर. वीकेंडला मांडीवर लॅपटॉप असायचाच.

दोन वर्षांपूर्वी ऐन जानेवारीत आमचा पाण्याचा हीटर बंद पडला. मेकॅनिक सोमवारी येणार होता. शनिवारी दुपारी आजी दारात उभ्या. म्हणाल्या, दोघंही आमच्याकडे आंघोळीला या. त्यांच्या बेसमेंटमध्ये लाकडी टब आहे, गळ्यापर्यंत बुडावं इतका खोल. आजी-आजोबा रोज त्यात बसतात. मी तर हुरळलेच! याला एकदा गरम पाण्यात बसवलं की सवय लागेल, असा माझा बेत. डॉक्टरांना फोन करून विचारलंसुद्धा. फार कढत नको, बाकी चालेल, म्हणाले.

पाहुण्यांचा मान आधी, म्हणून मी पहिली. टबाबाहेर स्टुलावर बसून आधी अंग स्वच्छ धुवायचं, मग पाण्यात उतरायचं, असं आजींनी बजावलं. अहो, मला काय सांगता, जन्म गेला बादली-तांब्यात! धुतलं आणि उतरले. अहाहा, हाडन् हाड सैल झालं. किती वेळ बसले कुणास ठाऊक.

आणि उठताना बूच काढलं. नुसतं काढलं नाही, टब घासूनपुसून लख्ख केला. आपण आंघोळ केलेलं पाणी दुसऱ्याला ठेवायचं? शी! आईने असलं वळण लावलं नव्हतं.

वर येऊन ऐटीत सांगितलं, "सगळं क्लीन केलंय." आजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते पाणी सगळ्यांचं होतं. अंग धुऊन उतरतात म्हणून ते स्वच्छच राहतं, वर झाकण ठेवून पुढच्यासाठी गरम ठेवायचं. माझ्यानंतर माझा नवरा, मग आजोबा, शेवटी आजी. आता टब पुन्हा भरून तापायला तासभर तरी लागणार होता.

"थांबा, तोवर चहा घेऊ," आजी हसून म्हणाल्या. त्यांचा चहा उकळायचा नसतो. उकळलेलं पाणी जरा निवू द्यायचं, मग हिरव्या पानांवर ओतायचं. ते निवेपर्यंत नुसतं बसायचं. नवरा घड्याळ बघत होता. "पाणी निववून चहा? कमाल आहे यार," तो माझ्या कानात पुटपुटला. एका घोटात कप संपवून उठला, चार वाजता त्याचा कॉल होता. "नेक्स्ट टाइम नक्की," म्हणाला आजींना.

घरी येईपर्यंत मला चिडवत होता, "आंघोळीला बोलावलं तर बाईसाहेब टब घासून आल्या!"

नेक्स्ट टाइम आलाच नाही. एप्रिलमध्ये स्टेशनच्या पार्किंगमध्ये तो गेला, गाडीतच. मगात अर्धा चहा उरला होता.

एका आंघोळीने माणूस वाचत नाही, कळतं मला. आजींना मी एकदा विचारलंही, तुमचं आयुष्य त्या पाण्यात आहे की चहात? म्हणाल्या, "काय माहीत. माझी बहीणही हेच करायची, साठीत गेली." तरी मला माझा राग येतो. असा राग येतो की हात कापून टाकावासा वाटतो. एक दुपार तो पाण्यात बसला असता. त्याला निवांत बसलेलं मी एकदा तरी बघितलं असतं.

मागच्या महिन्यात आजींनी पुन्हा बोलावलं. या वेळी बुचाला हात लावला नाही. झाकण नीट बसवलं आणि वर आले. आजी चहाचं पाणी निवत ठेवून बसल्या होत्या. आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, मराठीत, "जा रे, पाणी गरम आहे."

आजींनी वर बघितलं. "काय म्हणालीस?"

"आजोबांना सांगा," मी म्हटलं, "पाणी गरम आहे."