टंकीवरची उंची

माझा मित्र गेल्यावर चार महिन्यांनी वहिनींनी मला बोलावून त्याचं घड्याळ दिलं. घड्याळ म्हणजे काटे नसलेला लोखंडी डबा. मोबाइल टॉवरमधून निघालेला, त्याने कबाड्याकडून आणलेला. छतावरच्या अँटेनातून उपग्रहांची वेळ घ्यायची आणि सेकंदाचा बारीकसा अंशही चुकू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. आम्ही दोघं टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. असल्या वस्तूंचं वेड दोघांनाही.

नानाखेड्याच्या त्यांच्या घरून ते मी माधव नगरला माझ्याकडे आणलं, अँटेना बाल्कनीत बांधली, आणि लाल दिवा काही विझेना. केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला. सिग्नल चांगला होता, तरी घड्याळ उपग्रहांचं ऐकायला तयार नव्हतं. आठवडा असाच गेला. शेवटी एका दुपारी लॅपटॉप जोडून आतली माहिती वाचली. अशी घड्याळं एकदा आपली जागा मोजतात, पक्की लक्षात ठेवतात आणि वेळेचा हिशोब तिथूनच करतात. हे अजून नानाखेड्यातच होतं, मित्राच्या घरी.

मला हसू येणार होतं, तेवढ्यात उंचीचा आकडा दिसला. अँटेना छताच्या कठड्याला होती तेव्हाचा आकडा त्याने मला फोनवर सांगितला होता, माझ्या वहीत लिहिलेला होता. हा जवळजवळ तीन मीटरने जास्त होता.

म्हणजे पाण्याची टंकी.

कठड्याशी अर्धं आकाश झाकलं जातं, अँटेना टंकीवर चढव, असं फोनवर मीच म्हटलं होतं. दहा-बारा दिवसांनी तो टंकीवरून पडला. पाणी बघायला चढला असेल, असं सगळे म्हणाले. मीही तेच धरून बसलो होतो.

ती जागा पुसायला एक कमांड पुरते. माझं बोट उचलेना. तीन दिवस डबा तसाच चालू राहिला. भर दुपारी खोलीत शिरलो तरी आत कुणीतरी आधीच बसलंय, असं वाटायचं.

चौथ्या दिवशी वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या, हात थांबले नाहीत.

“मला माहीत आहे, भाऊजी. अँटेना हलतेय, घट्ट करून येतो, असं मलाच सांगून वर गेले होते.”

मग इतके दिवस बोलला का नाहीत, मी विचारलं.

“तुम्ही स्वतःहून केव्हा सांगायला येता ते बघत होते.”

नंतर त्यांनी चहा केला. घड्याळ चालायचं तर त्याच्या छताची आठवण पुसावी लागेल, हे मी घाबरतच सांगितलं.

“पुसून टाका,” म्हणाल्या. “त्यांना तिथे वर कशाला ठेवायचं.”

घरी येऊन पुसली. दुसऱ्या दिवसापर्यंत घड्याळाने माझी बाल्कनी मोजून घेतली आणि ते नीट चालायला लागलं.

रविवारी मी वहिनींकडे जातो. तो विषय आम्ही काढत नाही. निघताना फाटकापाशी मान आपोआप वर टंकीकडे वळू बघते. कधी आवरते, कधी नाही.