परत आलेली हिरवी साडी

पर्वत पाटिया भागातल्या कुरियर काउंटरवर ती मला एकदाच दिसली. मोठ्या वेबसाइटवर साड्या विकणं सोडून तिने महिन्यापूर्वी स्वतःचं ऑनलाइन दुकान काढलं होतं. परत आलेल्या मालाचं काय करायचं हे त्या वेबसाइटवर आपल्याला कोणी विचारत नाही, असं ती रांगेत सांगत होती. त्या दिवशी नव्या दुकानाची पहिली साडी परत आली होती. पुराव्यासाठी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तिने पाकीट फाडलं.

हिरव्या साडीला फॉल लावलेला होता. ब्लाऊजपीस कापून ब्लाऊज शिवला होता आणि तोही घडीत ठेवला होता. आम्ही सगळे थक्क झालो.

"बेन, हिंमत बघा!" काउंटरवरचा माणूस म्हणाला. "पैसे देऊ नका. व्हिडिओ टाका, नावासकट."

"टाकाच," मीही म्हणालो.

ती ब्लाऊज उलटा करून अंगठ्याने शिवण चाचपत होती. हुक लावायचे राहिले होते. तिने चित्रीकरण बंद केलं.

"डोहाळजेवणाची साडी आहे, भाऊ. अंग भरेल म्हणून सैल शिवलाय. बाळ राहिलं नाही वाटतं."

काउंटरवरच्या माणसाने हातातला शिक्का खाली ठेवला. तिने पाकिटावरचा नंबर लावला.

"ताई, साडी पोचली. पैसे आजच पाठवते. तुम्ही बऱ्या आहात ना?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. ती बराच वेळ फोन कानाशी धरून फक्त "हो, हो ताई" म्हणत राहिली.