रिबकाबाईचं आमेन

गिरणीचा भोंगा झाला की सोलापुरात लोक घड्याळं लावत. रिबकाबाई दचकायची. लग्न होऊन गिरणीच्या चाळीत चौदा वर्षं राहिलेली बाई, दिवसातून चार-पाचदा तोच भोंगा ऐकणारी, तरी दरवेळी हातातलं भांडं निसटायचं. शेजारची दानम्मा म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणत्यात, तुज्या मागं तर त्याची सगळी भावकी लागलीया की. रिबकाबाई हसायची आणि दाराची कडी नीट लागलीय का ते पुन्हा एकदा बघून यायची.

पण तिला भ्यायला कारण नव्हतं असं कुणी म्हणू नये. थोरली लेक रूथ आठ वर्षांची झाली तेव्हा बोर्डिंगात शिकायला गेली. नवऱ्याची थोरली बहीण प्रिस्किल्लाबाई नगरकडच्या एका गावी मुलींच्या बोर्डिंगात मेट्रन होती. सख्खी आत्या तिथं असताना काळजी ती कसली, असं सगळेच म्हणाले. जूनमध्ये पोर गेली आणि ऑक्टोबरात विषमज्वरानं संपली. तार आली तेव्हा रिबकाबाई भाकरी थापत होती. एसटी बदलत बदलत दोघं नवराबायको पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. हे एकोणसत्तर सालचं.

त्यानंतर उरली धाकटी, नामी. सहावं लागल्यावर तिला म्युनिसिपालटीच्या शाळेत घातली खरी, पण पंधरा दिवस रिबकाबाई शाळेच्या भिंतीला पाठ लावून बसून राहिली. रांजणातलं पाणी कोण कोण पितं, कुणाला खोकला आहे, कुणाचं अंग तापल्यासारखं दिसतं, सगळं बघितलं. सोळाव्या दिवशी दप्तर आणि पोर दोन्ही घरी आणलं. म्हणाली, मी शिकवीन. सातवी फायनल पास होती, संडेस्कूलात दहा वर्षं शिकवलेलं होतं, तिला कोण नाही म्हणणार? वर असंही म्हणाली, की देवाच्या भयात लेकरू वाढवायचं तर आईच्या मांडीसारखी शाळा नाही. पाळकसाहेबांनी कौतुकानं मान डोलावली. त्या भयात देवाचं किती आणि तिचं स्वतःचं किती, हे त्या भल्या माणसाला काय माहीत!

शांतवन, तिचा नवरा, सकाळी गिरणीत साच्यावर गेला की स्टोव्हपुढं गोणपाट अंथरून शाळा भरायची. आधी प्रार्थना, मग पाढे, मग शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय. आई एक ओळ वाचायची आणि पोर मागून वाचायची. मग पोर एकटीच वाचायची, बोट ओळीवर फिरवत, घडाघडा. मग त्याच ओळी पाटीवर उतरवायची. अक्षर असं टपोरं, की रांगोळीचे ठिपके जोडलेत असं वाटावं. संध्याकाळी जेवणं झाली की शांतवन मोठ्यानं आणखी एक अध्याय वाचायचा आणि तिघं गुडघ्यावर यायचे. घरात दुसरं पुस्तक नव्हतं. दुसरं हवंच कशाला, हा रिबकाबाईचा ठसका.

चौऱ्याहत्तरच्या नाताळात प्रिस्किल्लाबाई आल्या. उंच, काटकुळ्या, बोलणं मोजकं. घरातली शाळा त्यांना मुळीच पटली नाही. जाताना म्हणाल्या, मे महिन्यात येईन, पोरगी वाचताना ऐकीन. वाचत असली तर तुझ्याकडं राहील, नसली तर जूनला माझ्याबरोबर येईल. शांतवनला त्याच बहिणीनं लहानाचा मोठा केलेला. तो तिच्यापुढं कधी शब्द काढत नसे, तेव्हाही काढला नाही. रिबकाबाईनं पुढचे पाच महिने धास्तीत काढले. तिला सारखी तीच एसटी दिसायची, तीच ट्रंक, आणि नंतर तीच तार.

वन्संना यायला नऊ दिवस उरले होते. सकाळची शाळा चालली होती. उन्हाळ्यात शास्त्राला कसर लागली होती आणि त्या दिवशीच्या पानाला चांगलं आठ आण्याएवढं भोक पडलेलं. रिबकाबाई भाजी निवडत होती. नामीचं बोट ओळीवरून सरकत भोकाशी आलं, भोकावरून पुढं गेलं, आणि तोंड थांबलंच नाही. जे शब्द कसरीनं खाऊन टाकले होते ते पोरीनं खणखणीत वाचले.

आधी रिबकाबाईला कौतुक वाटलं. मग हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. तिनं उठून पान उलटलं, भलत्याच ठिकाणी बोट ठेवलं आणि म्हणाली, हे वाच. नामी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. दानम्माकडून गूळ बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा पुढं धरला. नामी त्याच्याकडंही बघत राहिली. मग पाटीवर एकच ‘क’ काढून विचारला. पोरीनं सांगितलं, पण कसं, तर ‘क’पासून पुढची सगळी बाराखडी एका दमात म्हणून टाकली.

तीन वर्षं! तीन वर्षं पोर वाचत नव्हती, ऐकलेलं म्हणत होती. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा कानावर पडलेलं शास्त्र तिनं असं पाठ केलं होतं, की पहिला शब्द सांगितला की अध्याय बाहेर पडायचा. आणि शिकवणारी कोण, तर सातवी फायनल पास!

नवऱ्याला सांगायची तिची छाती झाली नाही. दानम्माच्या नातवाचं पहिलीचं पुस्तक मागून आणलं आणि दार लावून धडे सुरू केले. एकदा वाचून दाखवायची, मग पोरीला वाचायला लावायची. चौथ्या दिवशी नामीनं ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. रिबकाबाईनं हळूच ते मिटून बाजूला ठेवलं. पोर म्हणतच राहिली.

मग तिची प्रार्थना सुरू झाली. पहिल्यांदा तिनं मागितलं, की लेकराला अक्षर उमजू दे. दोन दिवसांनी मागितलं, की वन्संना रजा मिळू नये. शेवटी शेवटी तर वन्संचा पाय मुरगळू दे, मोडायला नको, नुसता मुरगळू दे, इथवर मजल गेली. असली मागणी कुणी ऐकत असेल का, याचीही तिला भीती वाटायची, आणि ऐकली गेली तर काय, याचीही. वन्संचा पाय ठणठणीत राहिला. शनिवारी दुपारी त्या चाळीच्या तोंडाशी टांग्यातून उतरल्या.

रविवारी उपासनेहून आल्यावर, जेवणाआधीच, प्रिस्किल्लाबाईंनी चष्मा लावला आणि नामीला पुढ्यात बसवलं. रिबकाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी. कढईत भाजी लागल्याचा वास येत होता, पण तिला हलता येईना. वन्संनी शास्त्र मधूनच उघडलं, कुठल्याशा संदेष्ट्याचा अध्याय काढला, पहिले दोन शब्द स्वतः उच्चारले आणि म्हणाल्या, इथून वाच.

दोन शब्द म्हणजे पोरीला पुष्कळ झाले. बोट फिरत राहिलं, तोंड चालत राहिलं, एक काना चुकला नाही. वन्संनी दुसरीकडं उघडलं, तिसरीकडं उघडलं. सवयच त्यांची, पोरींना पहिले शब्द देऊन सुरू करून द्यायची. शेवटी त्यांनी चष्मा काढला. डोळे पाणावले होते. म्हणाल्या, "रिबका, मी चुकले. असं वाचन माझ्या सातवीतल्या पोरी वाचत नाहीत. राहू दे पोर तुझ्याकडं."

झालं! पाच महिन्यांची धास्ती जायला हवी होती. गेली नाही, आणखी वाढली. शांतवनला मात्र आनंद मावेना. तो म्हणाला, आधी उपकारस्तुती करू. चौघं गुडघ्यावर आले. एरवी दोन वाक्यांत आटपणारा माणूस त्या दिवशी भरभरून बोलला: या घरातल्या आईच्या कष्टांबद्दल, लेकराला दिलेल्या वाचनाच्या दानाबद्दल तुझे आभार मानतो, बापा, आमेन. वन्सं आमेन म्हणाल्या. नामीही म्हणाली.

रिबकाबाईचं आमेन निघेना. आयुष्यात किती हजारदा म्हटलेला शब्द, झोपेतही म्हणाली असेल. देवाच्या तोंडावर नवरा न घडलेल्या गोष्टीचे आभार मानतोय, आणि त्यावर आपण ‘तसंच असो’ म्हणायचं? म्हटलं तर पोर घरात राहते. अडाणी राहते, जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत राहते, पण जिवंत राहते, डोळ्यांपुढं राहते. म्हणून टाक गं, असं तिचं मन ओरडत होतं. सगळे डोळे मिटून तिच्यासाठी थांबले होते. मग एकेकानं डोळे उघडले.

"वन्सं, तिला वाचता येत नाही," रिबकाबाई म्हणाली. "सगळं पाठ आहे. मला दहा दिवसांपूर्वी कळलं, आणि मी लपवलं."

प्रिस्किल्लाबाई उठल्या. पिशवीतून चिवड्याची पुडी काढली, चिवडा ताटलीत ओतला, तो वर्तमानपत्राचा कागद सरळ केला आणि नामीपुढं धरला. या वेळी पहिला शब्द दिला नाही. नामीनं कागदाकडं बघितलं, मग आईकडं. बापानं विचारलं, बाळा, तू सांगितलं का नाहीस कधी?

"मी अडखळले की आई भ्यायची," नामी म्हणाली. "तिचे हात गार पडायचे. म्हणून मी पाठ करायची."

चोर सापडावा तशी रिबकाबाई भिंतीला टेकली. पोरीला रोगापासून राखली, पाण्यापासून राखली, आणि स्वतःची भीतीच रोज वाढून घातली. आता वन्सं काय ते बोलणार, आणि ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून ती खाली मान घालून उभी राहिली.

वन्सं बोलल्या, पण आवाज मेट्रनचा नव्हता. "रूथला मी तुझ्याकडून धडधाकट नेली होती. माझ्या हातात गेली ती. साडेपाच वर्षं झाली, अजून मी रात्री उठून एकेका पोरीच्या कपाळाला हात लावत फिरते. मला एक पोर तुझ्या ओटीत जिवंत परत आणून घालायची होती गं. वाचनाचं नुसतं निमित्त केलं."

इतकी वर्षं रिबकाबाईनं या बाईला दगड समजून तिचा राग केला होता. दगड कसला! आपल्याइतकीच भ्यालेली बाई होती ती, फक्त ती भीती उघड करायला तिला स्वतःचं घर नव्हतं. रिबकाबाईनं करपलेली भाजी खाली उतरवली, चौघांची पानं वाढली. जेवणं झाली. हात धुताना तिनं सांगितलं, जूनला न्या तिला. माझ्याजवळ ती शिकायची नाही, मला सांभाळत बसेल. फक्त दर आठवड्याला पत्र आलं पाहिजे, आणि तिच्या हातचं, तिच्या मनचं. तुम्ही सांगून लिहवलेलं नको.

दर आठवड्याला कसं येणार, वन्सं म्हणाल्या, आधी शिकू तर दे.

जूनमध्ये एसटी गेली. त्यानंतर रिबकाबाईनं कसे दिवस काढले ते दानम्माला विचारावं. रात्री झोप नाही, अन्न गोड लागत नाही. पोस्टमन चाळीत शिरला की ही मोरीत जाऊन उभी राहायची. मयताचं कार्ड कोपरा फाडून येतं, म्हणून तो दुसऱ्या कुणाला कार्ड देत असला तरी आधी त्याचे कोपरे बघायची. वन्संचं खुशालीचं पत्र आठवड्याला यायचं, पण नामीच्या हातचं काहीच नाही. सात आठवडे गेले. पोर आजारी आहे आणि वन्सं लपवताहेत, अशी तिची पक्की खात्री झाली होती.

ऑगस्टात एक दिवस पोस्टमन तिच्याच दाराशी थांबला. ती मोरीतून बाहेर येईना. शेवटी दानम्मानं कार्ड घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, पण चारी कोपरे बोटांनी चाचपून तिनं आत हाक मारली, "ये की गं बाहेर. धड हाय कार्ड."

रिबकाबाईनं ओले हात पदराला पुसले आणि कार्ड घेतलं. पूर्वीचं टपोरं अक्षर नव्हतं. ओळी तिरक्या, एक अक्षर मोठं, एक बारीक, दोन ठिकाणी खोडलेलं. लिहिलं होतं: ‘आई आज वरणात मीठ नव्हतं. मी मागून घेतलं. नामी.’

तिनं ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. शास्त्राच्या कुठल्याही पानावर हे वाक्य नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. दानम्मा घाबरली. काय झालं गं, पोरगी बरी हाय न्हवं, काय लिवलंय?

"वरणात मीठ नव्हतं म्हणे," रिबकाबाई रडत रडत म्हणाली.

"मग त्यात रडायचं काय? उद्या घालत्याल की."

"पोरीनं मागून घेतलं, दानम्मा," ती म्हणाली. "भ्याली नाही."