हळद लागलेली फटफटी

नागपूर स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि उन्हाचा असा तडाखा बसला की मी मुकाट्याने पुन्हा सावलीत गेलो. वैशाखात नागपूरला निघालेल्या माणसाला आमच्या साताऱ्यात वेड लागलं असं समजतात. मला न्यायला वसंता आला होता. आम्ही दोघं साताऱ्याला एकाच कचेरीत होतो, पुढे त्याची बदली त्याच्याच गावी झाली. त्याच्यामागे त्याच्या वडिलांची फटफटी उभी होती आणि तिच्याखाली पाण्याचं थारोळं.

ही फटफटी वडिलांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. बाकीच्या फटफट्या वाऱ्यावर गार होतात, हिला मात्र मोटारीसारखा पाण्याचा रेडिएटर. सगळी विलायती ऐट तिथेच, आणि सगळी गळतीही तिथेच.

"उद्या खाप्याला जायचं, माझ्या सासुरवाडीला," वसंता म्हणाला. "आजवर दर खेपेला मी ही ढकलतच तिथे पोचलो. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, या वेळी निक्षून सांगितलं आहे. इंजिन चालू ठेवून दारात आली, तर ते स्वतः तिच्यावर बसणार. ढकलत आली, तर दारातच भंगारवाल्याला देऊन टाकायची."

"आणि तू हो म्हणालास?"

"सासऱ्याला नाही कोण म्हणतं गा?" त्याने रुमालाने फटफटीच्या टाकीवरची धूळ पुसली. "बाबांची एवढीच वस्तू राहिली रे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याची कळशी मांडीवर घेऊन मागे बसलो. रस्त्यातली माणसं वळून वळून पाहत होती. नव्या नवरीची पाठवणीही इतक्या जपून होत नसेल.

कोराडी मागे पडली आणि गळती वाढली. रेडिएटरच्या तळाशी केसाएवढी चीर होती. इंजिन बंद न करता आम्ही एका विहिरीपाशी थांबलो. तिथे एक बाई कपडे धूत होती.

"काहून थांबले गा भाऊ?"

"पाणी गळून राहिलं बाई, गाडीचं."

"मंग साबण भरा ना त्याच्यात! माह्या बादलीले मी तेच करतो." तिने आपल्या धुण्याच्या साबणाचा तुकडा मोडून दिला. वसंताने तो चिरेत बोटाने दाबून बसवला, मी कळशी भरून घेतली. गळती थांबली. पुढे कितीतरी वेळ आमच्या चाकांमागे साबणाचे फुगे उडत होते, आणि मला खरं सांगायचं तर फार छान वाटत होतं.

पाटणसावंगीला चहा प्यायलो तोवर साबण विरघळून गेला. टपरीवाल्याने वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "हळद टाका. टरकवाले तेच करतेत. चिमूटभर टाकली का आतून चीर बुजते."

वसंताने शेजारच्या दुकानातून हळदीची पुडी आणली. आता चिमूट म्हणजे किती, हे ज्याच्या बाबांची फटफटी पणाला लागली आहे त्याला कसं कळणार? त्याने अख्खी पुडी आत रिकामी केली, वरून माझी कळशी ओतली. गळती खरोखरच थेंबावर आली.

खाप्याच्या अलीकडे एका बैलगाडीवाल्याने दोन्ही हात वर करून आम्हाला अडवलं. तो घाबरून गाडीच्या पोटाकडे पाहत होता.

"कोणाले उडवलं बे तुमी?"

खाली पाहिलं तर थेंब लालभडक! मग उलगडा झाला. चिरेत साबण उरला होता, आणि हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे पोरंसोरंही जाणतात. वसंता शपथेवर सांगू लागला, "हळद आहे हो काका, हळद!" गाडीवाल्याने आमच्याकडे नीट पाहिलं. "हळद लागली तं नवरदेव कुठी हाये?" असं पुटपुटत त्याने बैल बाजूला घेतले.

आणि आम्ही फटफट करत, चालू इंजिनाने, थेट दारात पोचलो! मामाजी पांढऱ्याशुभ्र धोतरात उभे होते. शेजारी भंगारवाला तराजू घेऊन. वसंताच्या डोळ्यांत पाणी आलं. भंगारवाल्याने एक सुस्कारा टाकला आणि तो ओसरीवर जेवायला बसला.

सासूबाईंनी जावयाला ओवाळलं. मग प्रथमच आपल्या पायांनी आलेली पाहुणी म्हणून फटफटीलाही ओवाळायला घेतलं. "हिले बी पानी पाजा जावईबापू. पाव्हण्याले अर्धं भांडं देत नाई आमी." वसंताने झाकण काढून ओवाळणीच्या ताटात सुपारीशेजारी ठेवलं आणि रेडिएटर काठोकाठ भरला.

"बसा मामाजी. शब्द दिला होता."

"पुढं बसीन," मामाजी म्हणाले. "मांगं बसाले मी काई बोचकं हावो का?"

ते पुढे, मागून त्यांच्या काखांखालून हात घालून हँडल धरलेला वसंता, अशी ती स्वारी निघाली. वाड्यासमोरच्या नालीवरून चाक गेलं, एक दणका बसला, आणि झाकण ताटातच आहे हे सगळ्यांना एकदम कळलं. कोमट पिवळं कारंजं उसळलं. मामाजी टोपीपासून धोतरापर्यंत न्हाऊन निघाले. मी धरायला धावलो, तर उरलेलं माझ्या सदऱ्यावर आलं.

भंगारवाल्याने घास खाली ठेवला.

तेवढ्यात सासूबाई पदर तोंडाशी धरून हसू लागल्या. "लगनात हळद लावाले गेलो तं म्हणत होते, 'मले चालत नाई, खाज सुटते.' दोन बोटं लावू देली फक्त! लागली ना आता?"

मामाजींनी पिवळ्या मिशा पुसल्या, बायकोकडे पाहिलं आणि चक्क लाजले. मग भंगारवाल्यावर ओरडले, "पाहून काय राहिला बे? जेव अन् जाय! हे गाडी घरची हाये."

साताऱ्याला परतल्यावर बायकोने सदरा साबणाने धुतला, तर तो लाल झाला. "कुणाचं डोकं फोडून आलात?" असं तिने विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली, तिने अर्थातच विश्वास ठेवला नाही. प्रवासाला लोक देवळं-किल्ले बघायला जातात. मी एका म्हाताऱ्याला बायकोसमोर लाजताना बघून आलो. हळदीचा डाग उन्हात उडतो म्हणतात. म्हणून तो सदरा मी अजूनही सावलीतच वाळत घालतो.